जो बांधी, तो बठी

एखाद्या धंद्यात माणूस दहा-बारा वर्षं घासला गेला की किस्से आपोआप साठतात. आमच्या कारखान्याच्या कोपऱ्यात दोरांचे तुटके तुकडे साठायचे, तसेच. मुद्दाम कुणी ठेवत नसे आणि फेकायचंही कुणाच्या मनात येत नसे. मंडळी जमली की मला म्हणतात, "भिकनराव, होऊन जाऊ द्या एखादा!" मग मी सांगतो. हसण्यासारखे निवडून सांगतो. पण आमच्या कारखान्यातल्या बहुतेक किश्श्यांच्या शेवटी कुणाचं ना कुणाचं काहीतरी गेलेलं असतं. कुणाचा बंपर, कुणाची बोटं, कुणाचं त्याहून जास्त.

परवा नातवाची मोटर रस्त्यात बंद पडली. एक मोठी गाडी आली, मोटर वर ओढून घेतली, चार पट्टे आवळले आणि निघाली. बांधणारा इसम पुढं ड्रायव्हरशेजारी पान चघळत बसला होता. मी त्याला विचारलं, "तुम्ही मागं मोटरीत नाही बसत?" तो माझ्याकडे बघतच राहिला. नातू म्हणाला, आजोबा, आता तसं नसतं. नसेल. आमच्या वेळी होतं, आणि ते का होतं ते सांगायचं तर मला सगळंच सांगावं लागेल.

*

कारखाना शहाद्याला होता. मालक आबा मिस्तरी, मूळचे लोहार. बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवता चढवता मोटरीच्या नादी लागलेले. मी रनाळ्याचा, तापी ओलांडून नोकरीला आलेला. लॉरी चालवणं हे माझं काम.

त्या काळी आमच्या मुलखात मोटरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि रस्ते बैलगाडीचे. मोटर बंद पडायची ती गावापासून लांब, जिथं मिस्तरी जाऊन काही करू शकणार नाही अशा ठिकाणी. म्हणून आबांनी एक गाडा बनवला. वर सागाच्या जाड फळ्या, खाली जुन्या लॉरीची चार चाकं, पुढं लोखंडी दांडा. तो लॉरीच्या मागं जोडायचा, त्यावर मोटर चढवायची, बांधायची आणि आणायची. एवढंच काम.

पहिली मोटर आणली ती तापीकाठच्या प्रकाशा गावाहून, एका गुजराथी शेठची. आबांनी स्वतः बांधली. पुढच्या चकचकीत बंपरला जाड दोर टाकला, गाठीवर गाठ मारली, वर बसून पायानं दाबून पाहिली. शेठ माझ्या शेजारी बसले, आबा फळीच्या टोकावर, आणि आम्ही निघालो. लॉरीचा आवाज असा की शेजारचा माणूस बोललेलं ऐकू यायचं नाही.

मध्ये एका ओढ्यापाशी आबा उतरून माझ्या बाजूला येऊन बसले, धुळीनं डोळे गेले म्हणाले. शहाद्याला पोचलो तेव्हा कारखान्यासमोर बघ्यांची गर्दी. गाड्यावर दोर होता, दोराला बंपर होता. मोटर नव्हती. ती दीड कोस मागं एका कपाशीच्या शेतात उभी होती, तोंड प्रकाशाकडे करून.

शेठ बंपरला हात लावून बघू लागले. आबा गाड्यावर चढले, गाठ नीट निरखली आणि म्हणाले, "गाठ देखा शेठ. गाठ सुटेल नई शे."

गाठ सुटली नव्हतीच. त्या दिवसापासून आमच्याकडे दोर टाकायचा तो चाकाच्या आसाला. जे शोभेला लावलंय त्याला हात लावायचा नाही.

*

हा दुसरा किस्सा आबा सांगत नसत. मी सांगतो, कारण मी तिथं होतो.

म्हसावदच्या बाजूनं एक मोटर आणायची होती. आबांनी आसाला दोर टाकला, चाकांमागं उट्या ठोकल्या. उटी म्हणजे चाक मागं जाऊ नये म्हणून लावायचा लाकडाचा ठोकळा. सगळं व्यवस्थित झालं. मग ओळखीच्या माणसानं जेवायला बोलावलं म्हणून आबा तिथंच थांबले. तुम्ही व्हा पुढं, मी येतो मागनं.

एका नाल्याच्या चढावर मागनं आवाज आला. मी थांबून खाली उतरलो. मोटर गाड्यावरून मागं सरकून रस्त्यावर आली होती आणि बाजाराला निघालेला एक कुंभार तिच्याखाली होता. खांद्यावर कावड घेऊन तो बिचारा आमच्या मागोमाग चालत होता. म्हातारा माणूस. लोक जमेपर्यंत गेला. त्याच्या कावडीतली सगळी मडकी फुटली होती, एक तेवढं गवतात जाऊन पडलं, ते शाबूत राहिलं.

आबा आले. दोर हातात घेऊन किती तरी वेळ बघत बसले. दोर तुटला नव्हता, गाठही सुटली नव्हती. सकाळी दहिवरात भिजलेला दोर ओला असताना ताणून बांधला होता, आणि दुपारच्या उन्हात वाळून तो सैल पडला होता. अंबाडीचा दोर ओला झाला की आखडतो, वाळला की ढिला पडतो. लोहारकाम केलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं. मोटरीत कुणी बसलेलं असतं तर हातब्रेक तरी ओढला असता.

कुंभाराच्या घरी आबा तेराव्यापर्यंत रोज जात होते. तिथनं येताना ते मडकं त्यांनी मागून आणलं आणि कारखान्यात ठेवलं. मग आम्हाला सगळ्यांना बोलावून एकच वाक्य सांगितलं. "जो बांधी, तो बठी."

ज्यानं मोटर बांधली, त्यानंच त्या मोटरीत बसायचं. हात ब्रेकवर, डोळा दोरावर. समोर मोटरीचा रबरी भोंगा असतोच. दोर ढिला वाटला की भोंगा वाजवायचा, लॉरी थांबवायची, उतरून त्या मडक्यानं दोराला पाणी पाजायचं. पाणी पाजायचं, हाच शब्द आमच्याकडे होता. दर कोसाला एकदा तर पाजायचंच, भोंगा वाजो न वाजो.

"साखळी का नको, आबा?" असं मी एकदा विचारलं. साखळी तुटेपर्यंत काही सांगत नाही, दोर आधी कुरकुरतो, असं त्यांचं म्हणणं.

*

जात्र्या पावरा आमच्याकडे लाकूडतोडीच्या मुकादमाबरोबर आला आणि राहिला. तोरणमाळाच्या पलीकडच्या अंगाला कुठल्याशा पाड्यावर त्याचं घर, बायको, दोन लेकरं. उतारावरनं सागाचे ओंडके दोरानं खाली सोडायचं काम त्यानं जन्मभर केलेलं. आबांनी त्याला गाडा दाखवला, मोटर दाखवली, नियम सांगितला. जात्र्यानं मोटरीला एक फेरी मारली, चाकांतली थोडी हवा सोडली, आसाला पुढनं दोन आणि मागनं दोन असे तिरपे दोर टाकले, वर पाणी ओतलं. मग दोराला कान लावून बोटानं टिचकी मारली. चारही दोरांचा आवाज सारखा येईपर्यंत तो आवळत राहिला आणि मग मोटरीत जाऊन बसला.

आबा मला म्हणाले, हा आपल्याला शिकवील. खरोखर त्यानं शिकवलं. मी लॉरीवाला असून मला बांधायला लावायचा आणि चुकलं की सगळं सोडून पहिल्यापासून. बोलायचा फार कमी. घरी पावरी बोलणारा, आमच्याशी मोडकीतोडकी अहिराणी. पण चार वर्षांत त्यानं बांधलेली एक मोटर बोटभर सरकली नाही.

*

एकदा शहाद्याच्या एका वकीलसाहेबांची मोटर आणायची होती. वकीलसाहेब नव्या कोटात, मोटर नवी. जात्र्यानं बांधली आणि नेमाप्रमाणे आत बसायला निघाला, तर वकीलसाहेब आडवे आले. माझ्या गादीवर हा बसणार? मोटर माझी आहे, मीच बसेन.

मी आणि आबा एकमेकांकडे बघायला लागलो. जात्र्याला राग आला की नाही, कळलं नाही. त्यानं शांतपणे चारही दोर सोडले, वेटोळं केलं आणि वकीलसाहेबांच्या हातात दिलं. जो बांधी, तो बठी. साहेब बसणार असतील तर साहेबांनीच बांधायचं.

वकीलसाहेबांनी कोट काढला. बांधलं. घामाघूम झाले, दोनदा स्वतःचंच बोट गाठीत अडकवलं, पण बांधलं. मग दरवाजा उघडून आत एक पाय टाकला, स्वतःच्या गाठीकडे पाहिलं आणि पाय बाहेर घेतला.

"मी चालतो," म्हणाले.

तीन कोस चालत आले! जात्र्यानं सगळं सोडून पुन्हा बांधलं, पायाला लागलेली माती झाडून गादीवर बसला आणि वाटेत दर कोसाला त्यांना मडक्यातलं पाणी विचारत होता.

*

त्याच मडक्यावरनं लोटनचा किस्सा. लोटन म्हणजे आमचा तिसरा गडी. हुशार, बोलघेवडा, हाताला चपळ. त्याच्या बोलण्यानं दगडालाही हसू यावं. चैत्रातल्या एका दुपारी त्यानं एक मोटर बांधली आणि बसला. ऊन असं की लॉरीच्या पत्र्याला हात लावता येईना. एक कोस झाला, मी थांबलो. लोटननं मागनं हात हलवून, चल, पाजलं, अशी खूण केली. दुसरा कोस झाला, तीच खूण.

तिसऱ्या कोसाआधी मोटर सरकली. लोटननं ब्रेक ओढला, मोटर थांबली, पण दोर पकडायला गेलेला त्याचा डावा हात दोर आणि फळीच्या मध्ये सापडला. दोन बोटं गेली. मडकं रिकामं होतं आणि दोर कोरडा ठणठणीत. पाणी सगळं लोटन प्यायला होता.

आबांनी त्याचा हात स्वतः बांधला, दवाखान्यात नेलं, महिनाभर घरी जेवणाचा डबा पाठवला. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ते पानी दोरनं व्हतं, लोटन."

पुढं लोटन आठ बोटांनी आमच्यापेक्षा चांगलं बांधायला लागला. पण पाणी पिताना तो आधी एक घोट जमिनीवर सांडायचा. कुणी विचारलं तर हसण्यावारी न्यायचा.

*

मग लढाई आली आणि पेट्रोल मिळेनासं झालं. आबांनी लॉरीला कोळशाची भट्टी बसवली. लॉरीच्या बगलेला एक उंच पिंप, त्यात कोळसा पेटवायचा, त्याच्या वायूवर इंजिन चालायचं. चालायचं म्हणजे कण्हत कण्हत चालायचं. सपाटीवर ठीक. चढावर थांबलं आणि भट्टी मंद झाली की इंजिन बंद. पुन्हा कोळसा फुलवा, हातपंखा फिरवा, तास तास जायचा. भट्टी मंदावू न देता लॉरी थांबवायची कला असते, इंजिन फिरत राहील इतका गॅस हातानं ओढून ठेवायचा असतो. आबांना ती जमत होती, मला नव्हती. मी शिकायचा कंटाळा केला, हे खरं.

फाल्गुनात मोलगीच्या बाजूनं जंगलखात्याच्या एका अंमलदाराची मोटर आणायला निघालो. गाडा रिकामा, जात्र्या माझ्या शेजारी. मांडीवर कापडात गुंडाळलेलं त्याचं सामान. कमरेला बांधायचे घुंगरू, मोरपिसांचा टोप. काठी गावच्या होळीला त्याला नाचायचं होतं. पाच होळ्यांचा नवस होता आणि ही चौथी. पाची लागोपाठ झाल्या पाहिजेत, मध्ये एक चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. नवस कशासाठी, ते त्यानं सांगितलं नाही, पण धाकटं लेकरू तीन वर्षांपूर्वी मरता मरता वाचलं होतं, हे मला माहीत होतं. दुपारी त्याला वाटेवर सोडायचं, त्यानं होळी करून दुसऱ्या दिवशी परत यायचं, मग मोटर बांधायची, असं ठरलं होतं.

घाटात कोळशाचं एक पोतं हलायला लागलं म्हणून मी चढावर लॉरी थांबवली. काही गरज नव्हती. भट्टी विझली. कोळसा दमट निघाला. आम्ही दोघं दुपारपासनं पंखा फिरवत होतो. बाजूनं होळीला निघालेले लोक ढोल वाजवत चालले होते, त्यांनी जात्र्याला हाका मारल्या. मी म्हणालो, तू जा. तो गेला नाही. लॉरी मागं आली तर एकट्याला उटी लावता येणार नाही, म्हणाला. ऊन उतरलं तरी आम्ही तिथंच होतो. ढोलांचा आवाज डोंगरापलीकडे गेला, मग ऐकू येईना. जात्र्यानं घुंगरांची गाठोडी सीटखाली ठेवून दिली.

तो एका शब्दानं मला बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. मला स्वतःची एवढी लाज वाटली की मी ठरवून टाकलं, मरो ते पोतं, मरो काहीही, चढावर लॉरी म्हणून थांबवायची नाही. आणि वर्षभर नाही थांबवली. लोटन सगळ्यांना सांगायचा, "भिकनले चढवर यम जरी हाका मारी, तरी हाऊ सपाटीवर जाईसन 'ओ' दी!"

सगळे हसायचे. मीही हसायचो.

*

आता शेवटचा. हा मी मित्रमंडळींत सांगत नाही.

पुढच्या वर्षीचा फाल्गुन. लाकडाच्या एका कंत्राटदाराला आपली मोटर तोरणमाळावर हवी होती. वर पठारावर ती चालली असती, पण चढण तिच्या इंजिनाला झेपणारी नव्हती. म्हणून गाड्यावर बांधून वर न्यायची. जात्र्यानं सकाळी कारखान्यात बांधली, चारही दोरांना टिचकी मारून ऐकलं आणि आत बसला. शेजारच्या गादीवर घुंगरांची गाठोडी. होळी तीन दिवसांवर आली होती. मोटर वर सोडली की तो घरी जाऊन काठीला निघणार होता. नवसाची पुन्हा पहिली होळी.

दर कोसाला थांबलो, पाणी पाजलं. डोंगराच्या पायथ्याशी शेवटचं थांबलो तेव्हा मडकं झऱ्यावर भरून घेतलं. माथ्यावर ऊन. जात्र्या मला म्हणाला, वर वारा कोरडा आहे, दोर लवकर सुकेल.

अर्ध्या चढावर भोंगा वाजला.

मी ऐकला. स्पष्ट ऐकला. पुढं शंभरेक पावलांवर वळण होतं आणि वळणापलीकडे सपाटी. इथं थांबलो तर भट्टी विझणार, दुपार जाणार, ह्याची होळी पुन्हा जाणार. तिथं जाऊन थांबू, असं मी मनात म्हटलं. शंभर पावलं, दुसरं काय. इंजिन कण्हत होतं. मी पाय दाबून ठेवला.

भोंगा दुसऱ्यांदा वाजला. मग गाडा एकदम हलका झाला आणि लॉरी पुढं उडाल्यासारखी झाली.

मोटर रस्त्याच्या कडेवरून खाली, सागाच्या दोन झाडांत अडकली होती. जात्र्यानं उडी मारली नव्हती. त्याचा हात ब्रेकवर होता. छाती स्टेअरिंगच्या चाकात दबलेली. लाकूडतोडे धावत आले, आम्ही त्याला उचललं, गाडा तिथंच सोडला आणि मी लॉरी शहाद्याला आणली. उतारावर ती कुठं थांबली नाही.

दवाखान्यात आबा रात्रभर आणि दुसरा दिवसभर त्याच्या उशाशी होते. मी दारात. दुसऱ्या दिवशी दुपारी जात्र्यानं डोळे उघडले. आबा त्याच्यावर वाकले आणि त्यांनी विचारलं, "भोंगा वाजाडा व्हता का रे?"

जात्र्यानं माझ्याकडे बघितलं. अगदी नीट बघितलं, दोराकडे बघायचा तसं.

"नई वाजाडा," म्हणाला.

आबांनी त्याचं पांघरूण नीट केलं. मी पुढं होऊन बोलायला पाहिजे होतं. चढावर थांबताच आलं नसतं, भट्टी विझली असती, कुठल्याच ड्रायव्हरला आलं नसतं, हे मी मनात घोकत उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी पहाटे जात्र्या गेला.

आदल्या दिवशीच आबांनी लोटनला बैल देऊन गाडा खाली आणवला होता. सकाळी त्यांनी त्याला लॉरी जोडायला लावली. मग गाड्यावर ज्वारीची पोती भरायला सांगितलं, जात्र्याच्या घरासाठी. एक नाही, दोन नाही, दहा पोती. एवढी कशाला, असं लोटननं विचारलं. मोटरीइतकं वजन झालं असेल. पोत्यांच्या मध्ये जात्र्याला ठेवला, वर पांढरं कापड, पायाशी घुंगरांची गाठोडी. मग आबांनी दोर माझ्या हातात दिला.

मी बांधलं. पुढनं दोन, मागनं दोन, तिरपे. पाणी पाजलं. दोराला कान लावून टिचकी मारली. चारही सारखे वाजेपर्यंत आवळलं. आबा बघत होते. मी मागं वळलो तेव्हा ते लॉरीच्या स्टेअरिंगवर जाऊन बसले होते. भट्टी बसवताना चालवून पाहिली तेवढीच, नाहीतर चार-पाच वर्षांत त्यांनी लॉरी हाती घेतली नव्हती.

नियम मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी गाड्यावर चढून जात्र्याशेजारी बसलो. गाड्यावर मोटर नव्हती म्हणून लोटननं एक भोंगा काढून आणून माझ्याजवळ दिला. मडकं गाड्यावरच राहून वाचलं होतं, तेही दिलं. त्यानं माझ्याकडे बघायचं टाळलं.

दर कोसाला आबा थांबत होते. मी उतरून पाणी पाजत होतो. ते खाली उतरत नव्हते. पायथ्याशी झऱ्यावर मडकं भरून घेतलं.

चढ लागला. वारा कोरडा होता. पोती हलली की घुंगरू वाजायचे. तीच जागा आली, कडेला झाडांची साल निघालेली दिसत होती, आणि डाव्या बाजूचा मागचा दोर कुरकुरला. मी बोट लावून बघितलं. ढिला होता. वळण समोर दिसत होतं, शंभर पावलांवर.

मी भोंगा वाजवला. एकदाच.

लॉरी थांबली. तिथल्या तिथं, चढावर. इंजिन बंद पडलं नाही, एका सुरात धपापत राहिलं. आबा खाली उतरले, त्यांनी लॉरीच्या चाकामागं उटी लावली, मग गाड्याच्या चाकामागं. सावकाश मागं आले. त्यांनी माझ्या हातातलं मडकं घेतलं आणि चारही दोरांवर हात फिरवत पाणी ओतलं. ढिला दोर त्यांनी स्वतः आवळला, गुडघा लावून. मग मडकं माझ्याकडे परत देताना थांबले.

"त्यानी कितला डाव वाजाडा व्हता?"

मी जात्र्याच्या तोंडावरच्या कापडाकडे बघितलं.

"दोन डाव, आबा."

आबांनी मान हलवली. उट्या काढून गाड्यावर ठेवल्या, लॉरीत जाऊन बसले आणि तिथनंच चढाला लागले.